संध्याकाळ कळणारा डोळा

"काका, आता हलू नका," ऋता म्हणाली आणि तिने विनायकरावांच्या डोक्यामागचा पट्टा आवळला. डोळ्यांवर जाडजूड काळी पेटी बसली. बाहेरचा उजेड तिच्यात शिरत नव्हता; आत फक्त एक छोटा पडदा उजळत होता.

"आंधळ्याला सिनेमा दाखवतेस पोरी. गोष्ट तरी सांग."

"नुसतं आकाश आहे, काका. भर दुपारचं."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्यांच्या पत्नी वृंदाबाई बसून होत्या.

डोळा दोन कामं करतो. एक पाहण्याचं, दुसरं, दिवस उगवला की मावळला हे शरीराला कळवण्याचं. पहिलं संपलं तरी दुसरं कधी कधी चालू राहतं. संध्याकाळी शरीरात झोपेचं एक द्रव्य पाझरू लागतं. उजेड पोचला, तर ते ओसरतं. म्हणून संध्याकाळी हे आकाश दाखवायचं आणि मधूनमधून लाळ तपासायची.

विनायकराव खिदिरपूर गोदीच्या कस्टम्समधून निवृत्त झाले, तोवर काचबिंदूने दोन्ही डोळे नेले होते. डावा काढून टाकला होता. उजवा अजून ठणकायचा. तोही काढा, असं डॉक्टर सांगत होते.

"ह्याला संध्याकाळ कळते," विनायकराव म्हणायचे. "जिवंत डोळा कसा काढू?"

ते खोटं नव्हतं. रोज वृंदाबाई काडेपेटी शोधत असतानाच बाहेरच्या खोलीतून त्यांची हाक यायची, "वृंदा, दिवा लाव." डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या ऋताने हे ऐकूनच त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं होतं. उजेड पोचत असेल तर डोळा राखायचा, नाहीतर काढायचा, असं ठरलं होतं.

पुढच्या आठवड्यात दुपार कलल्यावर ऋता त्यांच्या घरी आली. वृंदाबाई नुकत्याच शेजारच्या बंगाली घोषालांकडे फळं देऊन आल्या होत्या. घोषालांच्या आजी आदल्या दिवशी वारल्या होत्या.

"काका, लाळेत काही फरक नाही पडला. उजेड आत पोचत नाही."

"तुझं यंत्र चुकलं असेल."

"परत तपासलं मी."

"मग मला संध्याकाळ कशी कळते? बस. चहा घे. दिवेलागणीपर्यंत थांब आणि स्वतःच बघ."

ती थांबली. विनायकराव गोदीतल्या गोष्टी सांगू लागले. खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग राखाडी. वृंदाबाई काडेपेटी घेऊन देवघराशी उभ्या राहिल्या. हाक येईना.

"...तर कप्तान म्हणतो, साहेब, पिंजऱ्यात माकड नाही, माझा मेहुणा आहे."

ऋता हसली नाही. तिला हातातला कपही नीट दिसत नव्हता. रस्त्यावरचे दिवे लागले. शेवटी वृंदाबाईंनी काडी ओढली.

विनायकराव थबकले. "लावलास?"

"हो."

"अंधार झाला?"

"मघाशीच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अहो, रोज तुम्हीच सांगता ना."

विनायकरावांनी घोषालांच्या भिंतीकडे कान केला.

"आज शंख वाजला नाही."

"सुतक आहे त्यांच्याकडे," वृंदाबाई म्हणाल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

रोज तिन्हीसांजेला भिंतीपलीकडे शंख फुंकला जायचा आणि मागोमाग हाक यायची. इतकी वर्षं तो दोघांच्याही कानांवर पडत होता, म्हणूनच कुणाला ऐकू येत नव्हता.

"ऋता," विनायकराव म्हणाले, "डॉक्टरांना तारीख विचार."

वृंदाबाईंनी दिवा जरा अलीकडे सरकवला. विनायकरावांनी ठणकत्या डोळ्यावर तळहात धरला. उजेड डोळ्यांवर येऊ लागला की आपण धरतो, तसा.