शिक्षेतली घंटा

एलिगिओने पिवळी छत्री उघडून डोक्यावर धरली, तेव्हा आभाळात ढगाचं पिल्लूसुद्धा नव्हतं. छत्री पावसासाठी नव्हतीच. गाव पाहायला आलेल्या पाहुण्यांनी वाट न चुकता तिच्यामागे चालावं, म्हणून होती. चौकातल्या कारंज्यापाशी दहा-बारा माणसं त्याच्याभोवती गोळा झाली, आणि सगळ्यांच्या मागे, काळी शाल खांद्यावर आवळून, ओब्दुलिया येऊन उभी राहिली; वयाला मान देऊन गाव तिला दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचं. भोपळ्याच्या खारवलेल्या बियांचा पुडा तिने सोडला, एक बी दातांत फोडली आणि टरफल एलिगिओच्या बुटापासून वीतभर अंतरावर थुंकलं.

“दोन्या, पुढे या ना,” एलिगिओ म्हणाला. “म्हणजे नीट ऐकू येईल.”

“मला ऐकू येतं,” ती म्हणाली. “तेच तर दुखणं आहे.”

ज्या गावात जन्म गेला ते गाव छत्रीमागून फिरून बघायचं, म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकघरात दार वाजवून शिरायचं. सान ग्रेगोरिओत चढ-उतार इतके, की तिथल्या कोंबड्यांच्यासुद्धा पोटऱ्या पैलवानासारख्या. ओब्दुलियाने ते चढ सत्तर वर्षं पायांखाली घातले होते. पण आजचं कारण निराळं होतं. रविवारी गावच्या संताचा उत्सव, आणि नव्या पाद्रीला त्या दिवशी मोठी घंटा वाजायला हवी होती. मोठी घंटा शिक्षेत होती.

त्या मुलखात घंटेने आपल्या वाजवणाऱ्याचा जीव घेतला, तर तिला शिक्षा होते. तिची जीभ, म्हणजे आतला लोलक, काढून घेतात, पोटावर तांबडा क्रूस रंगवतात, आणि मग ती मुकी होऊन चारचौघांच्या नजरेसमोर लटकत राहते. मेलेल्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाने मनोऱ्यावर चढून, तिच्यावर हात ठेवून ‘माफ केलं’ म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. बिशपचंही त्यात काही चालत नाही. ही घंटा, एन्ग्रासिया तिचं नाव, क्रेसेन्सिओ नावाच्या माणसाला लागली होती, आणि क्रेसेन्सिओच्या मागे उरली होती एकटी त्याची बायको, ओब्दुलिया. पाद्री तिच्याकडे गोड पाव घेऊन गेला. तिने पाव ठेवून घेतला आणि पाद्रीला परत पाठवलं. मग एलिगिओ गेला.

“मी क्रेसेन्सिओकाकांबद्दल किती आदराने बोलतो, ते एकदा ऐका,” तो म्हणाला होता. “फेरी मनोऱ्यावरच संपते. वर गेल्यावर काय ते ठरवा.”

ओब्दुलियाचं ठरलेलं होतं. वर जाऊन, परक्या माणसांसमोर, तोंडावर नाही म्हणायचं. घरातल्या घरात नाही म्हटलं की लोक पुन्हा विचारायला येतात.

“तर हे कारंजं,” एलिगिओने सुरुवात केली. “खाणीत चांदी अशी अमाप, की मालकाने मुलीच्या लग्नात यातून तीन दिवस चॉकलेट सोडलं.”

मोंतेर्रेइहून आलेला एक ढेरपोट्या गृहस्थ पुढे सरकला. “गरम की गार?”

एलिगिओ अडखळला. “कोमट,” तो म्हणाला.

ओब्दुलियाने टरफल थुंकलं. कोमट म्हणे. ही थाप तिच्याच घरातली होती. क्रेसेन्सिओ राजम्याच्या ताटावर बसून ती सांगायचा, आणि त्याच्या सांगण्यात चॉकलेट असं उकळतं असायचं की वरून उडणारी कबुतरं भाजून खाली पडायची, आणि ते प्यालेली गाढवं आठवडाभर झोपत नसत, रात्रभर ओळीत उभी राहून भजनं म्हणत. ती डाव आपटून म्हणायची, जेव. तो जेवायचा आणि तोंडात घास ठेवून पुढची थाप काढायचा. गावात येणाऱ्या कुणाही परक्याला गाठावं, मनोऱ्यावर न्यावं, आणि एका पेलाभर मेस्काल दारूवर त्याला दुपारभर खोटं पाजावं, हा त्याचा धंदा. त्याच थापा आज या पोराच्या तोंडी होत्या, शिळ्या आणि बेचव.

गल्ली सुरू झाली. ही एवढी अरुंद की दोन जाडी माणसं समोरासमोर आली, तर एकाने घरी जाऊन बारीक होऊन यावं. पाहुणे एकामागे एक चालले. मोंतेर्रेइवाल्याची बायको प्रत्येक दाराला ‘किती गोड’ म्हणत होती. एका दाराला तिने तसं म्हटलं, ते कोंबड्यांचं खुराडं होतं.

एका निळ्या खिडकीखाली एलिगिओ थांबला आणि त्याने आवाज खाली आणला.

“इथे घंटावाल्या क्रेसेन्सिओची तरुण बायको राहत होती. गावातली सगळ्यात सुंदर बाई. तो गेला त्या दिवसापासून ती या खिडकीतून हलली नाही. वाट बघता बघता इथेच तिने प्राण सोडला. अजूनही वाऱ्यावर तिचं पांढरं वस्त्र हलताना दिसतं.”

सगळ्यांनी माना वर केल्या. फोन वर गेले. खिडकीत दोरीवर ओब्दुलियाचा परकर वाळत होता.

“देवा,” मोंतेर्रेइवाली म्हणाली. “अंगावर काटा आला.”

ओब्दुलियाने आपल्या परकराकडे पाहिलं, मग फोटो काढणाऱ्यांकडे. कमरेला ठिगळ होतं. ते तरी भिंतीकडे तोंड करून होतं.

“एलिगिओ,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी मेले कशाने?”

“विरहाने, दोन्या,” तो तितक्याच हळू म्हणाला. “लोकांना आवडतं.”

“विरहाने. आणि त्याच आठवड्यात डुक्कर कापून कोणी विकलं? माझ्या भुताने?”

तो खोकला आणि छत्री उंच करून पुढे निघाला. ती मागून चालली, दर चार पावलांना एक टरफल टाकत. एखाद्याला परतीची वाट शोधायची असती, तर त्याला छत्रीपेक्षा तिचाच जास्त उपयोग झाला असता.

पुढे उतारावर जुन्या गुत्त्याचं बंद दार होतं. एलिगिओने छत्रीचं टोक त्यावर टेकवलं. “एकदा व्हाइसरॉयची स्वारी इथून चालली होती. त्याचा पांढराशुभ्र घोडा या दारासमोर अडला. चाबूक झाला, गाजरं झाली, ढिम्म हलेना. शेवटी बिशप आला, त्याने घोड्याची माफी मागितली, आणि मग घोडा चालू लागला.”

कोणी हसलं नाही. मोंतेर्रेइवाला घड्याळ बघत होता. एलिगिओ पुढचं पाऊल टाकणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

“घोडा नव्हता. खेचर होतं.”

“दोन्या, घोडा जरा बरा दिसतो,” एलिगिओ म्हणाला.

“बरा दिसतो म्हणून? मग बिशपने माफी कशाबद्दल मागितली, सांग.”

एलिगिओने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“बिशपने सकाळच्या प्रवचनात त्याला गाढव म्हटलं होतं,” ओब्दुलिया म्हणाली. “घोड्याला गाढव म्हटलं तर तो लक्ष देत नाही. खेचराला लागतं. कारण ते अर्धं खरं असतं.”

मोंतेर्रेइवाल्याचं पोट आधी हललं, मग तो हसला. एक उंच, उन्हाने लाल झालेली परदेशी बाई होती; तिला शेजाऱ्याने समजावून सांगितलं आणि ती सगळ्यांच्या नंतर, पण सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. ओब्दुलियाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी तिच्या पिशवीत हात घातला होता. अठरा वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली असेल. एकदाही हसली नव्हती. शब्द मात्र सगळे जागच्या जागी होते. ते कुठे साठले होते, कोण जाणे.

बियांचा पुडा तिने घडी घालून शालीत खोचला.

हीच गोष्ट सांगताना क्रेसेन्सिओ गेला होता. एन्ग्रासियाला दोर नव्हता. ती हाताने ढकलून गरागरा फिरवायची घंटा, आणि ढकलणाऱ्याने वेळेवर मागे सरायचं असतं. उत्सवाची सकाळ होती. कांद्याचे दोन व्यापारी वर आले होते, आणि तो एका हाताने घंटा ढकलत त्यांना खेचर सांगत होता. रंगात आला, तिच्याकडे पाठ केली, दोन्ही हात पसरले आणि सरायचं विसरला. गावाने घंटेला शिक्षा दिली, कारण थापेला शिक्षा द्यायची कशी ते कुणाला माहीत नव्हतं. ओब्दुलियाला ठाऊक होतं. तिने त्या दिवसापासून घरात कुणाला गोष्ट म्हणून सांगू दिली नाही.

मनोऱ्याचा जिना चढताना मोंतेर्रेइवाला तीनदा बसला. ओब्दुलिया एकदाही बसली नाही; त्याच्याजवळून जाताना फक्त म्हणाली, “ढेरी खाली ठेवून यायची होती, कोणी नेली नसती.”

वर वारा होता आणि मध्ये एन्ग्रासिया. खालून दिसायची त्याहून केवढी तरी मोठी. पोटावरचा तांबडा क्रूस उन्हाने विटला होता, आतल्या काळोखात जीभ नव्हती. इतक्या वर्षांत ओब्दुलिया इथे कधी आली नव्हती. ती घंटेच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि एखाद्या भांडकुदळ शेजारणीकडे बघावं तसं तिने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

एलिगिओने टोपी काढली. आता आदराची वेळ होती.

“त्या पहाटे क्रेसेन्सिओ इथे, या दगडावर, गुडघे टेकून प्रार्थना करत होता. डोळे मिटलेले, ओठांवर संताचं नाव. अशा पवित्र क्षणी घंटा त्याला लागली. फार श्रद्धाळू, मितभाषी माणूस.”

“बिचारा,” मोंतेर्रेइवाली म्हणाली. कपातली कॉफी सांडल्यावर म्हणतात, तसं. आणि ती फोटोसाठी केस सारखे करू लागली.

एलिगिओने ओब्दुलियाकडे पाहिलं. बोलायची वेळ झाली होती. पाहुणे छत्रीकडून तिच्याकडे वळले.

“मितभाषी,” ती म्हणाली.

एलिगिओ हातातल्या टोपीची कड चाचपू लागला.

“गुडघे टेकून म्हणे. त्याचे गुडघे मेस्कालपुढे तेवढे टेकायचे. गावात पाद्री बोलायचा थांबला की हा सुरू व्हायचा, आणि पाद्री नाही थांबला तरी सुरू व्हायचा. मितभाषी.”

“तुम्ही ओळखत होता त्याला?” मोंतेर्रेइवालीने विचारलं.

“मी त्याची बायको.”

“पण ती तर मेली ना? खिडकीत?”

ओब्दुलियाने तिच्याकडे शांतपणे पाहिलं.

“मेले होते,” ती म्हणाली. “परकर वाळत घालायचा राहिला, म्हणून परत आले.”

कोणी हसलं नाही. हसावं की नाही, ते कळेना. ओब्दुलियाने घंटेवर हात ठेवला. कासं, तिचा धातू, उन्हाने तापलेलं होतं. तिने हात काढला नाही.

“तो उभा होता. इथे. दोन कांदेवाल्यांना तो खेचराची गोष्ट सांगत होता. हिला ती पाठ होती, रोजच ऐकायची. त्या दिवशी तो शेवटाला आला, असे हात पसरले, आणि ही वर गेली ती खाली येईना. तोंड आभाळाकडे करून तशीच थांबली. हसत होती ही. कासं हसायला लागलं की थांबता थांबत नाही. तो म्हणाला, अगं पुरे, उत्सव आहे. आणि तिला खाली ओढायला त्याने कडेला हात घातला.”

“मग?” मोंतेर्रेइवाला म्हणाला. घड्याळाचा हात त्याने खिशात घातला होता.

“मग ही फिरली. आणि तो गेला.”

“खाली?”

ओब्दुलियाने हनुवटी वर केली. सगळ्यांनी वर पाहिलं. वर नुसतं निळं होतं.

क्रेसेन्सिओच्या शवपेटीचा एक कोपरा एलिगिओने खांद्यावर घेतला होता. पेटी जड होती, हे त्या खांद्याला अजून आठवत असावं, कारण त्याचा हात आपसूक तिकडे गेला. मग त्याने हात खाली घेतला, घसा साफ केला आणि हळूच म्हणाला,

“टोपी मात्र खाली पडली होती. चौकात.”

“टोपी नाही,” ओब्दुलिया म्हणाली. “टोपी कुणाचीही पडते. जोडा. उजव्या पायातला. नीट ऐकत जा, एलिगिओ, म्हणजे कोमट सांगायची पाळी येणार नाही.”

“म्हणजे घंटेने काहीच केलं नाही,” मोंतेर्रेइवाला म्हणाला.

“केलं काय तिने? हसली. त्याच्या थापांना हसणारं गावात तेवढं एकच होतं.” तिचा तळवा तांबड्या क्रूसावरून एकदा फिरला, ओट्यावरचं पीठ पुसावं तसा. “गुन्हाच नाही, तिला माफी कसली द्यायची. तिने माझ्याकडे मागितली नाही, आणि मी देत नाही. पाद्रीला सांग, रविवारी वाजव म्हणावं.”

लाल झालेली परदेशी बाई शेजाऱ्याकडून सगळं समजून घेत होती. तिचं ऐकून संपलं. तिने ओब्दुलियाकडे वळून, एकेक शब्द जोडत, विचारलं,

“आणि तो परत आला?”

मोंतेर्रेइवालीने नवऱ्याचा दंड धरला. एलिगिओ छत्रीच्या मुठीकडे बघत राहिला.

“कसा येणार,” ओब्दुलिया म्हणाली. “वरून सगळी गावं सारखीच दिसतात. घंटा वाजल्याशिवाय आपलं कुठलं, ते त्याला कळावं कसं?”