थोरलीसाठी दोन टक्के

आलेखात रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एक बारीक पायरी दिसत होती. दोन टक्क्यांची. धाकट्या विहिरीचा व्हॉल्व्ह तेवढाच मिटायचा आणि दुपारी तीनच्या जरा आधी पुन्हा उघडायचा. यंत्राची चूक इतकी वक्तशीर नसते. अकरा दिवसांच्या नोंदी मी एकाखाली एक लावल्या, तेव्हा खात्री झाली की हे माणसाचं काम आहे. आणि सकाळपाळीला त्या टेबलावर एकच माणूस असतो.

त्यांना सगळे काका म्हणतात. समुद्राच्या तळाशी, आठशे मीटर खोल, आमच्या तीन गॅसविहिरी आहेत. तिघींचा गॅस एकाच पाइपातून येतो आणि आम्ही किनाऱ्यावरच्या खोलीत बसून त्यांना सांभाळतो. कागदोपत्री त्यांना नुसते आकडे आहेत. काकांनी त्यांची थोरली, मधली आणि धाकटी केली; आता साहेबसुद्धा बैठकीत तसंच बोलतात. काकूंचा फोन आला की आधी थोरलीची खुशाली विचारतात. सवतीची चौकशी केलेली बरी असते, असं त्यांचं म्हणणं.

थोरली थकली होती. गॅस कमी, पाणी जास्त. तिला कायमची बंद करावी, असं पत्र तीन महिन्यांपूर्वी आलं. दिवस तेवढा काकांनी ठरवायचा होता. आमच्याकडे असा हुकूम टेबलावरच्या माणसाने तोंडाने द्यावा लागतो. दुसरा तो शब्दाला शब्द परत म्हणतो आणि मगच बटण दाबतो. काका रोज म्हणत, बघू पुढच्या आठवड्यात.

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"काका, धाकटीला रोज उपाशी कोण ठेवतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"मास्तरीणबाईंना कळणार, हे मी थोरलीला परवाच म्हटलं होतं." मास्तरीणबाई म्हणजे मी; हे नावही काकांनीच ठेवलेलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. धाकटीचा जोर एवढा, की पाइपात थोरलीला शिरायला जागाच मिळत नाही. धाकटीला जरा आवरलं की थोरली वाहते. "नऊ वर्षं हिनं एकटीनं घर चालवलं," ते म्हणाले. "मी फक्त धाकटीला म्हटलं, बाई गं, जरा दम धर, तिलाही बोलू दे."

थोरली पहिल्यांदा उघडली तेव्हा काका जहाजावर होते. दोन दिवस ते पडद्यासमोरून हलले नव्हते. पाण्याखालच्या कॅमेऱ्यात एक चपटा मासा येऊन तिच्या लोखंडी डोक्यावर बसला होता. व्हॉल्व्ह उघडला, सगळं थरथरलं, तरी तो हलला नाही. ही गोष्ट मी किमान वीसदा ऐकली आहे. आजही मी मध्ये बोलले नाही.

मग मी माझा कागद पुढे केला. धाकटी मंदावली की पाइपातला गॅस मंदावतो, आणि थोरलीचं पाणी पुढे ढकललं न जाता खोलगट जागी साचतं. तिथे चार अंश तापमान असतं. एवढ्या दाबाखाली पाणी आणि गॅस मिळून बर्फासारखा गोळा बनतो. गोठण रोखणाऱ्या द्रवाचा पंप आधीच पूर्ण क्षमतेने चालू होता. पाइपाच्या दोन टोकांच्या दाबातला फरक अकरा दिवसांत तीन बारने वाढला होता. गोळा अडकला तर तिघीही बंद पडतील, आणि तो वितळायला कित्येक आठवडे जातील.

काकांनी आकडे दोनदा वाचले. माझी बेरीज तपासली. चूक निघाली असती तर मलाही आवडलं असतं.

"किती दिवस आहेत?"

"आठ. कदाचित सहा."

"तुम्ही कधी कदाचित म्हणत नाही."

"आज म्हणतेय."

मी त्यांच्यासाठी चहा आणला. त्यांनी तो निम्मा प्यायला आणि उरलेला माझ्याकडे सरकवला. माझा कप मी आणायचाच विसरले होते. मग त्यांनी धाकटीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. तिच्या आकड्याने लगेच उसळी घेतली, आणि थोरलीचा घसरत घसरत शून्याच्या जेमतेम वर येऊन थांबला.

"गुणी होती हो," ते म्हणाले. "एकदाही रात्री उठवलं नाही तिनं मला."

त्यांनी सदरा नीट केला आणि ते उभे राहिले. हुकूम देताना उभं राहावं असा काही नियम नाही. मीही उठले आणि बटणावरचं झाकण वर केलं.

काकांनी माइक जवळ घेतला.

"विहीर क्रमांक एक बंद करा. पुन्हा उघडायची नाही."