सव्वा महिन्याच्या भाकरी

मथुराला आठवा महिना लागला आणि तिनं भाकरींचा सपाटाच लावला. नवरा रामहरी कामावर गेला की तवा चुलीवर चढायचा, तो परत येईपर्यंत उतरायचा नाही. या रोजच्या भाकरी नव्हेत बरं का, कडक भाकरी. होईल तेवढी पातळ थापायची, भाजायची, मग निखाऱ्याच्या कडेला उभी करून तिच्यातलं पाणी पार आटवायचं. टिचकी मारली तर वाजली पाहिजे. अशी भाकरी महिना-दोन महिने डब्यात राहते आणि आमटीत कुस्करली की मऊ होते. शेजारच्या नीलम्मानं तिला ही शिकवली होती. नीलम्मा लिंगायतांची, तिच्या घरात या भाकरीशिवाय पान हलत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, बाळंतपणाच्या आधी बायका डिंक कुटतात, खारीक फोडतात, ही बाई भाकरी कसल्या साठवतेय? तर त्याला कारण होतं.

मथुराला माहेर नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, बापानं दुसरी केली आणि त्या घराचं दार हिला बंद झालं. सासूही लग्नाआधीच वारलेली. पहिल्या खेपेला दवाखान्यातून आली आणि आठवडा व्हायच्या आत चुलीपुढं बसली. करणार काय? रामहरी अक्कलकोट रोडला मागावर, चादरीच्या कारखान्यात, पाळीचं काम. त्याला डबा पाहिजे. रामहरी वाईट नव्हता हो, वरण शिजवायचा, भात टाकायचा. पण भाकरी काही त्याला थापता येईना. मथुराला धूर लागला, वारं लागलं, ताप भरला आणि दूध आटलं. मुलगा होता. वरच्या दुधावर तो टिकला नाही. नाव ठेवायचंही राहून गेलं.

तेव्हा सासऱ्यानं, रावजीनं, स्वतः पीठ मळून बघितलं होतं. गडी करमाळ्याकडचा, जन्मभर नांगर धरलेला. हातात भाकरीचे तुकडे व्हायचे. स्वतःलाच शिव्या घालत तो चुलीवरून उठला आणि दाराबाहेर जाऊन रडला. मथुरानं ते आतून ऐकलं होतं. म्हणून या खेपेला दिवस गेल्याचं कळलं तसं त्यानंच सांगितलं, "पोरी, ह्या वक्ताला सव्वा महिना चुलीकडं फिरकायचं न्हाय. भाकरी आदीच करून ठिव. रामहरी वरण शिजवील, आन् मी ताटं वाढीन. बघू कोन काय म्हंतंय!"

पुतण्याला निरोप धाडून गावाकडनं शाळू ज्वारीचं पोतं त्यानंच मागवलं. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, पण रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी खाऊन घरादाराचा जीव विटला होता. शाळूच्या पांढऱ्याशुभ्र पिठात हात घालताना मथुराला वाटायचं, या वेळी हे मूल जगणार. जगलंच पाहिजे. म्हातारा बाजेवर बसून चटणीसाठी शेंगा फोडायचा आणि सुनेची थट्टा करायचा, "निम्मे दाणे माज्या पोटात चालल्यात, ध्येनात ठिव."

आणि मग तोच आजारी पडला. आधी नुसता खोकला होता. मग पाय सुजले, दम लागायला लागला. दवाखान्यात डॉक्टरनं रामहरीला दाराबाहेर बोलावून सांगितलं, घरी न्या आणि काय खातील ते घाला.

भावाला बघायला बजाबाई आली. रावजीची धाकटी बहीण. तोंडानं फटकळ, पण भावावर जीव टाकणारी. आली तशी तिनं म्हाताऱ्याचे पाय चेपले, सून अवघडलेली म्हणून पाण्याचं आणि धुण्याचं आपल्याकडं घेतलं. तिसऱ्या प्रहरी चहा पिता पिता तिची नजर फळीवरच्या डब्यांवर गेली.

"डब्यात काय हाय गं?"

"भाकरी हायत्या आत्याबाई. बाळंतपणासाठी."

"येवड्या?" बजाबाईनं एक झाकण उघडून बघितलं आणि चुकचुकली. "खुळी का काय तू! आज दादाचं बरंवाईट झालं म्हंजी? मयताच्या घरात शिजल्यालं काय बी ठिवत न्हाईत. समदं उकिरड्यावर टाकावं लागतंय."

"ह्या तर वाळलेल्या..."

"चुलीवरनं उतरल्या न्हवं? मग झालं. मी हाय तवर हितं येडंवाकडं चालायचं न्हाय, सांगून ठिवते. माज्या भावाच्या जिवाला पुढं शांती नको व्हय?"

मथुरानं फळीकडं बघितलं. कंबर मोडून, घामाच्या धारा लागून केलेल्या त्या भाकरी. पोतं सरत आलेलं, दिवस भरत आलेले. पुन्हा तेवढं करायचं म्हटलं तर अंगात काय उरलं होतं? आणि बजाबाई काही सव्वा महिना थांबणारी नव्हती. तिच्या घरी गुरं होती, आंधळा नवरा होता.

तिच्या मनात काय आलं तेही सांगून टाकतो, लपवून करायचंय काय! आधी तिला वाटलं, देवा, मामांना एवढं बाळंतपण होईपर्यंत ठेव. मग त्यांची घरघर ऐकून वाटलं, ते काही तेवढे काढत नाहीत. आणि मग वाटलं, जायचंच असेल तर लवकर तरी जाऊ देत, नवं पीठ मळायला वेळ मिळेल. हे मनात आलं मात्र, तिनं आपल्याच थोबाडीत मारून घेतली. पण आलेलं आलंच होतं.

रडत रडत तिनं नीलम्माला सांगितलं. नीलम्मा म्हणाली, "यव्वा! आमच्यात सुतक पाळत न्हाईत. आण सगळं आमच्या घरी. इरली बिडु, राहू दे की इथं, कोण विचारतंय!"

दुसऱ्या दिवशी बजाबाई धुणं घेऊन नळावर गेली. रामहरी कामावर. रावजी भिंतीकडं तोंड करून पडलेला. मथुरानं पदर खोचला आणि पहिला डबा नीलम्माच्या हातात दिला. नीलम्मानं भाकरी आपल्या पिंपात रचल्या आणि रिकामा डबा परत आणून दिला, म्हणजे फळी रिकामी दिसायला नको. दुसरा डबा उचलताना झाकण निसटलं आणि फरशीवर खणखणलं.

"कुटं न्हेतीस गं?"

म्हातारा मान वळवून बघत होता.

"मुंग्या झाल्यात मामा. शेजारी ठिवते जरा."

रावजी तिच्याकडं बघत राहिला. गावात कुणी गेलं की तिरडी बांधायला पहिला धावणारा माणूस तो. मयताच्या घरातून काय बाहेर फेकतात, हे त्याला मथुरानं शिकवायचं होतं होय?

"मुंग्या," तो म्हणाला. "व्हय. लई झाल्यात." मग दम खाऊन म्हणाला, "मंग चटणीची बरणी बी न्हे की. शेंगा भाजल्याल्या हायत्या. चुलीवर चढल्यालं कायच सोडत न्हाईत. बजी तर न्हाईच न्हाई."

मथुराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, मी तसलं काय..."

"गप. रडायला मागनं येळ हाय. बजी यायच्या आत बरणी उचल."

तिनं उचलली. काय करणार?

त्या दिवसापासून तिला सासऱ्याच्या डोळ्याला डोळा देववेना. पेज भरवताना ती खाली बघायची. तो मात्र काही झालंच नाही असा वागायचा. एकदाच म्हणाला, "मागच्या खेपंला माज्यानं एक भाकर झाली न्हाय, पोरी. तवा तुजं काय चुकलं न्हाय." पेजसुद्धा पुढं पुढं त्याला नकोशी झाली. दोन दिवस त्यानं पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

अमावास्येला नीलम्मा घराला कुलूप लावून पोराबाळांसकट पहाटेच्या एस.टी.नं अक्कलकोटला गेली. आणि नेमकं त्याच सकाळी रावजीनं डोळे उघडले. चेहरा तरतरीत.

"बजे, भूक लागलीया."

बजाबाईला आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं. "काय खातूस दादा? सांग, काय करू?"

"ती कडक भाकर, आमटीत कुस्करून. त्वांडाला चव आलीया आज."

"आत्ता देते!" आणि मथुरा चुलीपाशी आहे तिथून उठायच्या आत बजाबाईनं हात वर करून डबा काढलासुद्धा. झाकण उघडलं. रिकामा. दुसरा काढला. तोही रिकामा. तिनं मथुराकडं बघितलं.

"कुटं गेल्या?"

"म्याच न्ह्यायला सांगितल्या," बाजेवरून रावजी म्हणाला. "मुंग्या हुत्या."

बजाबाई काही दुधखुळी नव्हती. तिच्या ध्यानात आलं आणि ती ताडकन म्हणाली, "जित्या मानसाचं सुतक धरलंस व्हय गं! त्यो हितं श्वास घेतूय, आन् तू त्याच्या मरनाची तयारी केलीस?"

मथुरा तशीच धावली. पोट सावरत नीलम्माच्या दारात गेली. कुलूप. तिनं ते ओढून बघितलं, हिसडलं, दारावर डोकं टेकलं. आत पिंपभर भाकरी, आणि म्हाताऱ्याला एक देता येईना! कडीत तिनं बोटं घालून बघितली, नख तुटलं. मग परत आली आणि परातीत पीठ घेतलं.

"जरा दम धरा मामा. ताजी करते. पातळ करते, कडक भाजते."

"कर," रावजी म्हणाला. "मला कुटं जायाचंय?"

पहिली भाकरी थापताना मोडली. दुसरी तव्यावर पडली, फुगली, तिनं ती निखाऱ्याला लावली. बजाबाई आमटी तापवत होती. भाकरी कडक व्हायला वेळ लागतो, किती जरी घाई केली तरी लागतोच. ती उतरवून मथुरानं ताटलीत घेतली तेव्हा रावजीचे डोळे मिटलेले होते.

"झोपू दे," बजाबाई हळूच म्हणाली. "उटल्यावर खाईल."

पण रावजी उठला नाही.

कारखान्यातून रामहरीला बोलावून आणलं. चाळीतले लोक जमले. प्रेत बाहेर काढायच्या आधी बजाबाईनं घर बघितलं. चुलीवरून उतरलेलं असं घरात दोनच जिन्नस होते, भांडंभर आमटी आणि ताटलीतली ती एक भाकरी. तिनं दोन्ही उचललं आणि बाहेर नेऊन टाकलं. मथुरा कोपऱ्यातून बघत होती. भाकरी दगडावर पडली आणि मोडली.

संध्याकाळी नीलम्मा आली, तिनं तोंडात पदर कोंबला. तिनं तरी काय करावं?

तेराव्याच्या आधीच मथुरा बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यातून तिला घरी आणलं तरी ती तोंडात काही घालेना. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. पोर स्तनाला तोंड लावायची आणि रडून लाल व्हायची. दूध येईना. रामहरी दारात उभा राहून नुसता बघायचा.

तेरावं उरकलं तसं बजाबाईनं सामान बांधलं होतं. मथुराशी ती त्या दिवसापासून अवाक्षर बोलली नव्हती. जायच्या सकाळी ती उठून नीलम्माकडं गेली आणि पदरात भाकरी घेऊन आली. गरम आमटीत तिनं त्या कुस्करल्या, वर तुपाची धार सोडली आणि ताटली मथुरापुढं आदळली.

"खा."

"घशाखाली उतरत न्हाय आत्याबाई."

"उतरव," बजाबाई म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "दादा उपाशी गेला तो ह्यासाटीच. आता ह्यातली एक जरी वाया घालवलीस तर बघ."

मथुरानं घास घेतला. तो तोंडात नुसता फिरत राहिला. तिनं तो गिळला आणि दुसरा घेतला. बजाबाई समोर बसून राहिली, ताटली रिकामी होईपर्यंत. तिची सकाळची गाडी चुकली. दिवस मावळायला मथुराला पान्हा फुटला.