तीन कीर्तनांतली भाकर

नवनीत महाराज वैकुंठवासी झाले त्या वर्षी आमच्या मंडळानं ठरवलं, त्यांच्या कीर्तनांचं लहानसं पुस्तक काढायचं आणि सप्त्याच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनात, माणसांच्या हाती द्यायचं. काल्याचं कीर्तन कोण करणार यावर वादच नव्हता. महाराजांच्या मागे टाळ धरून वाढलेला, त्यांच्याच चालीत गाणारा भाग्येश. वय तिशीच्या आतलं, शहाद्याला खताच्या दुकानात काम करतो. पण गळा असा की पहिल्या अभंगालाच माणूस मांडी सैल करून बसतो, आता उठायचं नाही म्हणून.

रेकॉर्डिंगं माझ्याकडे होती, महाराजांची आणि गावात येऊन गेलेल्या इतरांचीही. कीर्तन म्हटलं की मी ताटावरून उठून जाणारा माणूस. फोन चालू करून ठेवायचो आणि स्वतः टाळकऱ्यांत जाऊन उभा राहायचो. ती सगळी मी सुनेच्या, चेतनाच्या, हवाली केली. ती घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. काय काम, ते मला तिच्या लग्नानंतर बरेच दिवस कळलं नव्हतं. मग एकदा तिनंच समजावलं.

"बाबा, नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर बायका निवडायला बसतात ना? लाल इकडे, पांढरी पडलेली तिकडे, देठाची वेगळी. मी तेच करते, शब्दांचं. फक्त हातानं नाही. कसं निवडायचं ते थोड्या ओळींत लिहून देते, मग मशीन निवडतं."

त्या थोड्या ओळींना ती स्क्रिप्ट म्हणते.

आधी तिनं सगळी कीर्तनं मशीनला ऐकवून त्यांचा मजकूर करून घेतला. मग स्क्रिप्ट लिहिली: मजकुराची वाक्यं सुटी करायची, अक्षरवारीनं लावायची, सारखी वाक्यं एका ढिगात घालायची, आणि प्रत्येक वाक्यापुढे ते कुठल्या कीर्तनातलं हे लिहायचं. नामाचा गजर काढून टाकला, नाहीतर त्याचाच डोंगर झाला असता. उरलेल्यांचे ढीग करायचे होते: नामावरचं, गुरूवरचं, आईबापावरचं. पुस्तकाचे भाग तेच.

आईबापाच्या ढिगाशी येऊन ती अडली. मला बोलावलं.

"बाबा, हे वाचा जरा."

पडद्यावर लिहिलं होतं: माझी आई त्याच्या वाटणीची भाकर झाकून ठेवायची. मी विचारलं, कोणासाठी? ती म्हणाली, गोमाईपलीकडे गेलेला माणूस भुकेला येतो.

गोमाई ही आमच्या गावाजवळची नदी. "सुंदर आहे," मी म्हणालो. "महाराजांशिवाय कोण बोलणार असं."

"महाराजांच्या कीर्तनात आहेच. पण भाग्येश महाराजांच्या कीर्तनातही आहे. शब्दाला शब्द."

मी चष्मा पुसला. अभंग सगळ्यांचे असतात, दृष्टान्तही एकमेकांचे घेतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण 'माझी आई' म्हणून गुरूची आई आपल्या नावावर सांगायची? आणि दुसरं एक मनात आलं, ते मी चेतनाला बोललो नाही. दोन्ही कीर्तनांना मी हजर होतो. मला ही भाकर आठवत का नव्हती?

गुलाबसिंग मंडळाचे अध्यक्ष. चेतनानं दोन्ही कीर्तनांतलं ते वाक्य कागदावर छापून काढलं होतं. त्यांना तो कागद दाखवायला नको होता, पण पुस्तकाचं काम कुठवर आलं विचारायला ते घरी आले आणि टेबलावरचं वाचून बसले. वाचताना त्यांची बोटं मिशीवर थांबली.

"ईश्वरभाऊ, हाई काय शे?"

मी सांगितलं.

"म्हणजे पोऱ्यानी गुरूना घरमा हात घाला."

"असं एकदम नका बोलू."

"मी नही बोलत. कागद बोली ऱ्हायना."

संध्याकाळी मंदिरात भाग्येशला बोलावलं. तो दुकानातून तसाच आला होता, शर्टाला खताची पांढरी पूड. गुलाबसिंगांनी कागद पुढे केला. त्यानं एकदा वाचला, मग पुन्हा वाचला.

"हे मी बोललोच नाही, काका."

"लिहिलंय तर."

"माझी आई घरी आहे. धडधाकट. कुणासाठी भाकर झाकायची तिनं? मी एकटाच तिचा."

"तेच तर आम्ही विचारतोय," गुलाबसिंग म्हणाले. "तुला भाऊ नाही, मग भाकर कुणाची? ज्याची आहे त्याचीच उचललीस."

भाग्येश माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही. खरं सांगतो, मला त्याच्या उत्तरानं अधिकच संशय आला. हो म्हणाला असता, महाराजांचं घेतलं, चुकलो, तर मी त्याला तिथंच पोटाशी धरलं असतं. पण छापील कागद समोर असताना माणूस नाही म्हणतो म्हणजे काय समजायचं? मला त्याच्या जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. महाराजांच्या पायाशी किती वाकायचा. त्यांच्या घरी किती जायचा. सगळं आता वेगळंच दिसू लागलं.

गुलाबसिंगांनी तिथल्या तिथं ठरवलं, काला भाग्येशकडे नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी प्रकाशा गावच्या मंडळाला फोन केला, शहाद्याच्या मंडळाला केला, नदीपलीकडच्या गावच्या करमसिंगांना केला. 'त्याला बोलावण्याआधी विचार करा' एवढंच म्हणाले, पण एवढं पुरतं. दोन गावांनी त्याला दिलेल्या तारखा परत घेतल्या. ज्या मुलानं कीर्तनाशिवाय दुसरं काही मागितलं नव्हतं, त्याला आता कोणी उभं करणार नव्हतं.

घरी भाकरी वाढताना चेतना म्हणाली, "बाबा, माझी स्क्रिप्ट फक्त हुबेहूब सारखी वाक्यं शोधत होती. एखादा शब्द इकडे तिकडे झाला तर सोडून देत होती. मी ती जरा सैल करून पाहिली."

"मग?"

"ममताताईंच्या कीर्तनातही भाकर आहे."

ममताताई अंमळनेरकडच्या. आमच्याकडे एकदाच आल्या होत्या. भाग्येशचा त्यांचा संबंध नाही, महाराजांचाही नाही.

मी हे गुलाबसिंगांना सांगितलं तर ते हसले. "म्हणजे सगळेच चोर? की तुन्ही सून काय करी ऱ्हायनी ते तिलेच माहीत?"

"तिला काय मिळणार त्यात?"

"मशीन तिचं. लिहिणार तीच. आपण कुठं बघायला गेलो?"

परतताना मला लाज वाटली, कारण वाटेत क्षणभर मीही तेच मनात आणलं. चेतना महाराजांना कधी भेटलेली नाही. तिला काय माहीत कोण कसं बोलतं? चार ओळी चुकीच्या लिहिल्या असतील. एका कीर्तनातलं दुसऱ्यात सांडलं असेल. घरात शिरलो तेव्हा ती मान खाली घालून तीच यादी तपासत होती, आणि माझ्या पावलांवरूनच तिला कळलं असावं.

"मजकुराला मी हात लावलेला नाही, बाबा," ती म्हणाली. "फक्त निवडलाय."



दुसऱ्या दिवशी मला एवढंच वाटत होतं की महाराजांच्या तोंडून ती भाकर एकदा ऐकावी. खरंखोटं करायला नाही. कागदावरचं वाचून पोट भरत नाही माझं. ते कुठल्या सुरात बोलले, भाकर म्हणताना थांबले का, हे ऐकायचं होतं. इतके दिवस कागद हातात होता म्हणून मूळ आवाजाकडे कुणी गेलंच नव्हतं, अध्यक्ष नाहीत, मी नाही.

"ते वाक्य जिथं येतं तिथं लावून देतेस?" मी चेतनाला विचारलं.

तिनं लावलं. आधी महाराजांचा अभंग आला, चरण संपला, आणि टाळकऱ्यांनी तो उचलला. टाळांचा कल्लोळ, पखवाज, त्यात माझाही फाटका आवाज. महाराज या वेळी बोलत नाहीत, उपरणं सावरून थांबतात, पाणी पितात. आणि त्या सगळ्या गजराच्या अगदी जवळून, जणू फोनच्या कानात, एक बाई बोलली.

"मन्ही माय त्यान्या वाटानी भाकर झाकी ठेवे. मी तिले विचारं, कोनसाठे? ती बोलनी, गोमाईपल्याड जायेल मानूस भुक्या येस."

चेतनानं थांबवलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"परत लाव."

परत तेच. गजराबाईंचा आवाज. गावात हा आवाज न ओळखणारा कोणी नाही. भजनाला पहिल्या, पंगतीला शेवटच्या, सत्तरी ओलांडलेल्या. गुडघे धरतात म्हणून मंदिरात बायकांच्या बाजूच्या खांबाला टेकून बसतात. चार्जिंगचा बोर्ड त्याच खांबावर आहे. मी फोन तिथेच लावून टाळ घ्यायला जायचो.

भाग्येशचं लावलं, ममताताईंचं लावलं. तिकडेही चरण संपला की टाळ, आणि टाळांच्या आडून गजराबाई. आईबापावरचा अभंग आला की शेजारणीला भाकर सांगत होत्या. शेजारीण बदलायची, भाकर तीच.

"अहिराणीचं मशीननं मराठी करून टाकलं," चेतना म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "त्याला तेवढंच येतं. आणि कोण बोललं ते त्यानं लिहिलं नाही, मी विचारलंही नाही. मी कीर्तनाचं नाव बघितलं आणि समजून चालले की बोलणारा एकच."

मी फोन घेऊन गजराबाईंकडे गेलो. त्या ओट्यावर शेंगा फोडत होत्या. ऐकवलं. आधी हसल्या, स्वतःचा आवाज फोनमधून ऐकून. मग मी भाग्येशचं काय झालं ते सांगितलं, आणि हातातली शेंग तशीच राहिली.

"माले कोनी सांगं नही," त्या म्हणाल्या. पदर डोक्यावर ओढला. "चाल."

मंदिरात गुलाबसिंगांनी तीनही वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले होते. भाग्येशही येऊन उभा होता, मीच त्याला दुकानातून बोलावून घेतलं होतं.

"कीर्तनात बोलतात का बाई?" गुलाबसिंग पुटपुटले.

"टाळ वाजतस तवय बोलस मी," गजराबाई म्हणाल्या. "महाराज बोलतस तवय गप बठस. हाऊ पोऱ्या काय बोलना, सांगू? पाठ शे माले."

भाग्येश हसला, पण लगेच गंभीर झाला.

"काका, काल्याला मी उभा राहीन," तो म्हणाला. "पण ज्यांना ज्यांना तुम्ही फोन केलात त्यांना आता करा. इथंच. सगळ्यांना ऐकू येईल असा."

गुलाबसिंग माझ्याकडे बघू लागले. या वेळी मी त्यांना वाट काढून दिली नाही.

त्यांनी प्रकाशाला लावला. "तो मुलगा स्वच्छ आहे, चूक आमची," म्हणाले. मग शहाद्याला. आवाज हळू होत होता, भाग्येश नुसता 'मोठ्यानं' अशी खूण करायचा. मग करमसिंगांना लावला. करमसिंग चौकस माणूस.

"मग त्यानी सांगं नही, तर सांगं कोनी?" पलीकडून आवाज आला. "कागदावर तर शे."

गुलाबसिंग अडखळले. त्यांनी गजराबाईंकडे बघितलं, मग मान दुसरीकडे वळवली. बाईमाणसाचं नाव कसं घ्यावं, कीर्तनात बोलत होती म्हणून.

"सांगी दे मन्हं नाव," गजराबाई म्हणाल्या. "आणि त्याले सांग, उखानी बहीन बोलनी."

"कोन उखा?" करमसिंगांनी विचारलं.

गजराबाई खांब धरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत फोनपाशी आल्या, आणि गुलाबसिंगांच्या हातातून तो घेतला.

"मन्हा भाऊ, ती भाकर त्यानीच," त्या फोनला तोंड लावून म्हणाल्या. "तरनाताठा गया कामले, सुरतकडे, परत उना नही. डावा हातना अंगठा नही त्याले. तुम्हनाकडे कोनी देखेल शे का?"

भाग्येशनं त्यांच्याखाली आसन सरकवलं, आणि आम्ही सगळे करमसिंगांच्या उत्तराची वाट बघत उभे राहिलो.