सीटवरची राख

मी एक जुना पिंजरा आहे, पण माझ्यात पोपट कधीच राहिला नाही. माझ्यात माणसं बसत. मित्रांनो, शर्यतीच्या गाडीला आतून जाड नळ्यांचा एक सांगाडा जोडलेला असतो. गाडी उलटली की छप्पर चेपतं, पण हा सांगाडा तसाच उभा राहतो आणि आतला माणूस वाचतो. गाडीवाले त्याला पिंजरा म्हणतात. आत बसलेल्याला जिवंत ठेवायचं, एवढंच माझं काम. ते मी नऊ वर्षं केलं. नवव्या वर्षाच्या शेवटी मात्र मी त्याच माणसांचा जीव घेणार होतो, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

पिंजरा होण्याआधी मी जमिनीच्या पोटात होतो. किन्हीराजाच्या शिवारात उत्तमरावांची तीनशे फूट खोल बोअर होती. तिच्यातून पाणी वर आणणाऱ्या नळ्या म्हणजे मी. तिथे खाली सकाळ होत नाही आणि संध्याकाळही होत नाही. पाणी आटताना मी ऐकलं आहे. आधी त्याचा आवाज जातो, आणि आवाज गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी पाणी जातं. मधले ते दिवस फार विचित्र असतात. पाणी असतं, पण ते बोलत नाही.

बोअर कोरडी पडली तेव्हा साखळ्या लावून मला वर ओढलं. कितीतरी वर्षांनी मी ऊन पाहिलं आणि मला त्याची भीती वाटली. ती अजून गेलेली नाही.

उत्तमरावांना शेतीइतकंच गाड्यांचं वेड होतं. त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि ते रॅलीक्रॉस खेळू लागले. या शर्यतीत चार-पाच गाड्या एकदम सुटतात. वाट वळणावळणांची असते, थोडी मातीची, थोडी मुरुमाची, थोडी पक्क्या सडकेची. गाड्या घसरतात, एकमेकींना घासतात, कधी उलटतात. म्हणून पिंजरा लागतो.

मालेगावात वाशीम रस्त्यावर फुलचंदचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो ट्रॉल्या आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो. पिंजरा त्याने कधी केला नव्हता. नळी नुसती वाकवली तर चपटी होते. म्हणून त्याने नाल्यातली बारीक रेती कढईत भाजून कोरडी केली, माझ्या पोटात ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकली आणि मला भट्टीत लाल करून वाकवलं. नंतर रेती काढून टाकायची असते. बाकी नळ्यांमधून ती निघाली. एका नळीत मात्र घट्ट बसली. कितीही ठोकलं तरी निघेना.

"राहू दे न, फुलचंद," उत्तमराव म्हणाले. "तेवढंच गाडीले वजन."

फुलचंदने रेतीसकट नळीची तोंडं बंद केली. ती नळी चालवणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून, कानाजवळून जाई. पुढे हादऱ्यांनी रेती सुटी झाली. वळण आलं की माझ्या आत कोणीतरी अनवाणी चालतंय असा आवाज येई. तो आवाज कशाचा, हे दोन माणसांना ठाऊक होतं. पुढे त्यातला एक वारला आणि दुसरा विसरला.

माझे सुखाचे दिवस पुष्कळ होते. उत्तमरावांनी पुतण्या हरीओमला चालवायला शिकवलं आणि मुलगी वैजयंतीलाही. दसऱ्याला घरातली सगळी अवजारं पुसून त्यांची पूजा होते, तशी माझीही होई. दरवर्षी मला नवा रंग मिळे. एकदा लाल, एकदा निळा, एकदा झेंडूसारखा पिवळा. जुना रंग खरवडायला कोणाला वेळ नसे. त्याच्यावरूनच नवा हात फिरे. ओल्या रंगाला कुंकू चिकटे आणि सगळे हसत.

तीन वर्षांपूर्वी धनजच्या शिवारात, सोयाबीन काढलेल्या रानात शर्यत होती. जीपने दोन कोलांट्या खाल्ल्या. उत्तमराव आतून न खरचटता बाहेर आले. त्यांनी मला मिठी मारली, लोकांनी मला हार घातला. त्या गडबडीत माझ्या त्या रेतीच्या नळीला केसाएवढी चीर पडली होती. चौथ्या दिवशी दसरा आला. चीर रंगाखाली गेली आणि झेंडूचा हार नेमका तिच्यावरच बसला.

मागच्या चैत्रात उत्तमराव गेले. दुपारी चारचा चहा पिऊन ते टिनाच्या शेडमध्ये येत आणि बंद जीपच्या सीटवर घटकाभर बसत. त्या दुपारीही ते बसले, आणि मग उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मी त्यांच्या डोक्यावरच होतो. गाडी उभी होती, वारा नव्हता. तरीही माझ्या आतली रेती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकली. ती का सरकली, हे मी अजून स्वतःला विचारतो.

कार्तिकात हरीओम आणि वैजयंती विभागाच्या शर्यतीला गेले. एकच गाडी, दोघांनी आलटून पालटून चालवली. तो खुल्या गटात आणि ती मुलींच्या गटात. दोघंही निवडले गेले. राष्ट्रीय स्पर्धा तमिळनाडूत होती. ट्रकवर जीप चढवून तीन दिवसांचा प्रवास. जायचं की नाही, ते शनिवारपर्यंत कळवायचं होतं. शेवटच्या फेरीत एका गाडीने आम्हाला बाजूने धडक दिली होती. माझी चीर नळीभोवती चारातले तीन हिस्से फिरली होती. वरचा रंग तेवढा तिला धरून होता.

बुधवारी भर दुपारी हरीओम शेडमध्ये आला आणि दारातच थबकला. उत्तमरावांच्या सीटवर चितेतल्यासारखी पांढुरकी, बारीक राख पडली होती. आमच्याकडची माती काळीभोर. असली पांढुरकी पूड बंद शेडमध्ये कुठून येणार?

"काकू! वैजू! इकडे या न लवकर! काका आले!"

वैजयंती धावत आली. "काय बोलून राह्यला रे? उंदरानं काही पाडलं असन."

"उंदीर राख घेऊन येते काय वो? पाह्य न, बरोबर त्याइच्या जागेवर."

उत्तमरावांची बायको आवडाबाई सावकाश आली. तिने सीटकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

"जित्तेपणी चारचा चहा पेल्याबिगर खाटेवरून हालले नाही," ती म्हणाली, "अन् आता बाराच्या उन्हात येऊन राह्यले?" ती हसली, पण सीटला तिने हात लावला नाही.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. दुपारी टिन तापलं की मी ताणला जाई, चीर किंचित उघडे आणि आतली रेती गळे. एवढं सोपं होतं ते. पण मला तोंड नाही. मी आतून सळसळलो, तर तिघंही दचकून मागे सरले. मग मी गप्प राहिलो.

गुरुवारी पुन्हा राख पडली. या वेळी जास्त. शेडच्या दारात झोपणारं कुत्रं त्या दिवसापासून आत येईना. सीट पुसायलाही कोणी तयार होईना.

"काका संग येतो म्हणून राह्यले," हरीओम म्हणाला. "म्हणून त सीटवर बसून आहेत. शनिवारची वाट कायले पाहाची? आजच नाव देऊन टाकू."

"जाऊ नोका म्हणून राह्यले ते," आवडाबाई म्हणाली. "सीट अडवून बसले, दिसत नाही तुले?"

"तुमाले भेव वाटते म्हणून तुमाले तसं दिसते, काकू."

"अन् तुले चस्का लागला म्हणून तुले तसं दिसते."

दोघांनी वैजयंतीकडे पाहिलं. तिने बोनेटवर हात ठेवला. "बाबाची एकच इच्छा होती, एकदा तिथं पोहोचाची," ती म्हणाली. "मले जायचं आहे, माय. पण या सीटवर बसाले मन घेत नाही."

तिघंही सीटकडे बघत होते. वर कोणीच बघत नव्हतं. शनिवार दोन दिवसांवर आला होता आणि माझा रंग जागोजागी तडकत होता. वैजयंतीने मनाचा हिय्या केला असता, तर तिकडे पहिल्याच कोलांटीला ही नळी मोडून तिच्या मानेत घुसली असती. मी ते मनात आधीच पाहिलं होतं. ते दृश्य मला दुपारभर दिसत राही.

शुक्रवारी आवडाबाई पितळेची वाटी घेऊन एकटीच आली. अस्थी नदीत सोडल्या, मग हे कसं मागे राहिलं, असं पुटपुटत ती सीटवरची राख वाटीत भरू लागली. तीही नदीत सोडायची तिने ठरवलं होतं. शेवटची चिमूट तिने बोटांत धरली आणि ती थांबली. तिने ती चोळली. पुन्हा चोळली. मग बाजूच्या बादलीतलं पाणी तिने वाटीत ओतलं. सगळं झटकन तळाशी बसलं. वर काहीच तरंगलं नाही.

"वैजू!" तिने हाक मारली. "हे राख नोहे. माही जिंदगी गेली राखेनं भांडे घासण्यात. राख बोटाले चिकटते. हे टोचून राह्यलं."

तेवढ्यात एक कण तिच्या कपाळावर पडला. तिने मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

तासाभरात फुलचंद मोटारसायकलवर आला. त्याने हातोडीने मला ठोकून पाहिलं. सगळीकडे टणटण वाजलो, एका जागी नुसताच भद्द आवाज आला. तिथे त्याने कानस चालवली. पिवळा रंग निघाला, निळा निघाला, हिरवा, लाल. आठ दसरे एकामागून एक सोलून खाली पडले. आणि खाली ती चीर होती. फुलचंद खालीच बसला.

"हे त मीच भरलेली रेती होय, वैनी," तो म्हणाला. "साफ इसरलो होतो मी."

हरीओमचा चेहरा उजळला. "म्हणजे भूतबित काही नाही! फुलचंदभाऊ, दोन टाके मारून द्या. वरून रंग लावून टाकू. उद्या नाव देतो."

फुलचंदने वर पाहिलं नाही. "मारून देतो. तिथं तपासणारेले दिसणार बी नाही. पण टिकते का, हे मले इचारू नोका. नवीन पिंजऱ्याले चांगली नळी बाहेरून आणा लागन. महिना लागन."

"महिन्यानं काय उपयोग?" हरीओम ओरडला. "वैजू, सांग न याले!"

वैजयंती जीपपाशी आली. "तू बस आत."

"कायले?"

"बस त खरं."

तो सीटवर बसला. चीर त्याच्या कानापासून चार बोटांवर होती. वैजयंतीने दोन्ही हातांनी मला धरलं आणि एकदाच जोरात हलवलं. मी उघडलो. रेती त्याच्या मानेवर, खांद्यावर, शर्टात सळसळत गेली. तो एका जागी थिजून बसला.

"आता सांग," ती म्हणाली, "जायचं काय?"

हरीओमने हळूच खांदा झटकला आणि तो बाहेर आला.

"कापा, फुलचंदभाऊ," वैजयंती म्हणाली. "आताच कापा. उद्या सकाळी माहं मन बदलन."

कटरच्या ठिणग्या उडाल्या आणि माझे दोन तुकडे झाले. उरलेली रेती जमिनीवर ढीग होऊन पडली. आवडाबाईने त्यात हात घातला. ढिगाच्या मध्ये चिमूटभर काहीतरी वेगळं होतं. तिने ते बोटांत चोळलं. ते बोटाला चिकटलं. तिने ते पदराच्या टोकाला बांधलं आणि ती घरात गेली.

भट्टीत लाकडी बुच जळलं असेल, त्याची राख आत राहिली असेल. असंच असणार. पण मित्रांनो, ती नळी म्हणजे मीच. माझ्या आत काय आहे ते मला ठाऊक असायला हवं होतं. ते मला ठाऊक नव्हतं.

शनिवार आला आणि गेला. नाव कळवलं नाही. हरीओम चार दिवस वैजयंतीशी बोलला नाही. पाचव्या दिवशी तोच फुलचंदसोबत नव्या नळ्या बघायला गेला. नवा पिंजरा तयार झाला तेव्हा वैजयंतीने त्याला रंग लावू दिला नाही. नुसतं तेल लावलं. प्रत्येक जोड उघड्या डोळ्यांना दिसतो. पुढच्या वर्षी पुन्हा निवडले गेले, तर ते जातील. मी जाणार नाही. मी विहिरीजवळ उभा आहे, माझ्या अर्ध्या सांगाड्यावर दोडक्याचा वेल चढला आहे. राखेची गोष्ट ऐकलेली मुलं दुपारी इकडे खेळत नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी दसऱ्याला सायकल, मोटारसायकल, ट्रॅक्टर पुसून ठेवतील. त्यांना हार जरूर घाला. त्यांनी तुमच्यासाठी वर्षभर काम केलेलं असतं. पण रंगाचा डबा उघडायच्या आधी त्यांच्यावरून सगळीकडे हात फिरवा. जिथे रंग फुगलेला असेल तिथे नख लावून बघा. कोणी घाई केली, तर त्याला थांबवा. तुमचंच माणूस त्याच्यावर बसणार आहे.