मी कुत्रा आहे, शेत नाही

मित्रांनो, मी एक लोकरीचा, मुठीत मावेल एवढा, विणलेला कुत्रा आहे. कुत्रा. हे दोनदा सांगावं लागतं, कारण आर्णीत मला पाहून आजवर एकाही माणसानं आपणहून 'कुत्रा' म्हटलेलं नाही. कोणी उंदीर म्हटलं, कोणी बटाटा म्हटलं. गॅरेजवर आलेल्या एका गिऱ्हाइकानं तर मला उचलून ऑइलचे हात पुसले.

माझा जन्म भर मे महिन्यातला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात लोकरीचं काही जन्माला घालणं हा गुन्हा असायला हवा, पण नाही. शमसुन्निसाबाईंनी आपल्या लेकीचा, म्हणजे नाहिदचा, आखूड झालेला तपकिरी स्वेटर उसवला. बाजारच्या सुया एवढ्याशा कामाला जाड पडत होत्या, म्हणून नाहिदच्या अब्बूंनी, जफर मिस्त्रींनी, सायकलचे दोन स्पोक घासून टोकदार करून दिले. बाईंना विणता येत होते ते फक्त तान्ह्या बाळाचे मोजे. त्यामुळे मी मुळात एक मोजा आहे. चार पाय, दोन कान आणि शेपूट मला नंतर मंजूर झाले. पोटात भरायला शेजारच्या बापूजींच्या घरातून मूठभर कापूस आला, तोही सरकीसकट. सरकी काढायला कोणाला वेळ नव्हता. पोट माझं, पण मला कोणी विचारलं नाही.

एवढी घाई कसली, तेही ऐका. बापूजींच्या वावरातल्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि त्यातलं एक काळं पिल्लू नाहिदला हवं होतं. त्यावर अम्मीनं तिच्या हातात मला ठेवलं.

"पिल्लू गॅरेजवर राहीन, घरात नाही. अन् आधी शाळा उघडेपर्यंत ह्याले सांभाळून दाखव. जित्त्या कुत्र्यासारखा! खराब केला, हरवला, तं पिल्लाचं नाव काढू नको."

म्हणजे बघा मित्रांनो, माझा जन्मच दुसऱ्या कुत्र्यासाठी झाला. मी नीट राहिलो की तो येणार! मला नावसुद्धा मिळालं नाही. चांगलं नाव नाहिदनं त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं.

पण पोरगी जिद्दीची. 'जित्त्या कुत्र्यासारखा' म्हटलं म्हणजे तसाच. तिनं मला शिवायच्या दोऱ्यानं माठाच्या तिवईला बांधलं, कारण घरात थंडावा तिथंच. माठ माझ्या डोक्यावर टपटप गळायचा. शिवाय सकाळ-संध्याकाळ ती कपभर पाणी घेऊन यायची.

"पी रे, ऊन लय आहे," म्हणत ती ते माझ्या तोंडावर ओतायची.

माझं तोंड म्हणजे काळ्या दोऱ्याचा एक टाका. त्यातून पाणी आत जात नाही. बाकी सगळीकडून जातं.

एके दिवशी मला पोटात दुखलं. मग फुगलं. मग, सांगायला लाज वाटते, माझ्या शेपटीच्या बुडातून एक कोंब बाहेर आला.

नाहिदनं तो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. पोट फुटलेला कुत्रा म्हणजे परीक्षेत नापास. तिनं मला कोंबावर बसवून ठेवलं. पण पराटी, म्हणजे कपाशीचं रोप, ती पराटीच. त्या कोंबानं खालून मलाच उचललं. दोन पानं उघडली, आणि मी हवेत तंगड्या करून असताना अम्मीनं पाहिलं.

"काय केलं वं हे? कुत्रा सांभाळ म्हटलं होतं मी!"

"सांभाळूनच राह्यली होती, अम्मी," नाहिद रडायला लागली. "फक्त पाणी पाजलं."

जफर मिस्त्री हातातला पाना घेऊन बघायला आले. "सायलेन्सरमधून झाड निघालं," म्हणाले आणि हसत सुटले. तेवढ्यात गाडी न्यायला बापूजी आले. त्यांनी मला उलटं धरलं. मला नाही, पराटीला पाहत होते ते.

"औंदा पावसाआधीच कोरड्यात धूळपेरणी केली, शमसूबाई. अख्ख्या वावरात एक कोंब नाही वर आला. अन् ह्या पोट्टीनं मोज्यात पराटी उगवली! हिले पिल्लू नाही देऊ तं कोणाले देऊ?"

"पण कुत्रा फाटला ना," अम्मी हटेना.

"लोकर कापून टाका, झाड वाचते," बापूजी म्हणाले.

"झाड उपटा, कुत्रा वाचते," मिस्त्री म्हणाले.

माझं मत? कोणी विचारलं नाही.

नाहिदनं डोळे पुसले आणि बापूजींच्या हातातून मला काढून घेतलं. मुळं माझ्या टाक्याटाक्यात गुंतली होती. तिनं एकही कापलं नाही, एकही तोडलं नाही. स्पोकच्या टोकानं माझी मागची बाजू एकेक ओळ उसवत गेली, दुपारभर, जीभ दाताखाली धरून. अम्मी आधी दारातून बघत होती, मग शेजारी येऊन बसली, मग लोकर गुंडाळायला लागली. संध्याकाळी पराटी मातीनं भरलेल्या फुटक्या हेल्मेटमध्ये उभी राहिली आणि अम्मीनं नाहिदच्या हातात स्पोक देऊन मला परत विणवून घेतलं.

"आन जा पिल्लू," शेवटी अम्मी म्हणाली. "तुह्या हातून हे मरत नाही, तं ते काय मरते."

या वेळी कापूस भरताना अम्मीनं सगळी सरकी वेचून काढली. नाहिदनं एक हळूच परत घातली. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पिल्लू गॅरेजवर आलं. मी बाकावर रागानं पाठ फिरवून बसलो होतो. ते आलं, थांबलं आणि त्यानं मला मागून हुंगलं. मित्रांनो, असं कोणी उंदराला हुंगत नाही, बटाट्याला हुंगत नाही, मोज्याला तर नाहीच.

म्हणून एवढंच मागणं आहे. आमची काळजी घ्या, जरूर घ्या, पण आधी आम्ही कोण आहोत ते पाहून घ्या. आणि कृपा करून मला पाणी पाजू नका. आत अजून एक आहे.