बाराच्या आतलं दान

गोष्ट २०२५ सालच्या जानेवारीची. सुरतेहून बँकॉकला थेट विमान नुकतंच सुरू झालं होतं, आणि केशरबाईंच्या थोरल्या मुलाला, राहुलला जाऊन वर्ष भरत होतं. तो होता तेव्हा सारखा म्हणायचा, "आई, तुला थायलंडच्या विहारात नेईन. तिथल्या भन्तेंना तुझ्या हातचं वाढ." ते राहूनच गेलं. म्हणून वर्षाचं भोजनदान तिथेच करायचं, असं घरात ठरलं. केशरबाईंचे गुडघे जिना उतरू देईनात, तेव्हा नवरा काशीराम आणि धाकटा धम्मरत्न गेले. बाईंनी डबाभर शेंगदाण्याचे लाडू वळून दिले.

भन्ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत. दान पोचवायचं तर बाराच्या आत, आणि तिथले बारा आपल्याकडच्या साडेदहालाच वाजतात. त्यामुळे त्या सकाळी केशरबाई लवकर आवरून, पांढरी साडी नेसून सुरतेतल्या भेस्तानच्या घरात राहुलच्या फोटोपुढे बसल्या. शेजारी राहुलची बायको विशाखा, मोबाइल उशीला टेकवून. दान होताना इथूनही हात जोडायचे होते.

व्हिडिओ कॉल आला तो चालत्या रिक्षातून.

"पोचलात का हो?"

"पोचलोच होतो," काशीराम वाऱ्यात ओरडून बोलत होते. "दाराशीच हा भला माणूस भेटला. म्हणाला, आज आत पूजा आहे, दुपारपर्यंत बंद. दुसऱ्या विहारात नेतो, तिथे भन्ते आहेत. भाडंही अगदी किरकोळ."

विशाखाने कपाळाला हात लावला. "आबा, हेच तर सांगून पाठवलं होतं! बंद आहे म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, आत जाऊन बघायचं. भावजी, तुम्ही तरी बोलायचं ना!"

"बोललो ना, वहिनी. आबा कधी कुणाचं ऐकतात?"

"अरे, गळ्यात बुद्ध आहे त्याच्या!" काशीराम म्हणाले. "मी वंदन केलं तर त्यानेही हात जोडले. आपला माणूस आहे तो."

सुरतेत पांडेसऱ्याच्या डाईंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, उभा जन्म काढलेला हा माणूस. खानदेशातून पहिल्यांदा सुरतेत उतरला तेव्हा खिशात कुणाचा पत्ताही नव्हता. स्टेशनबाहेर एकाला 'जय भीम' म्हटलं, आणि त्याने घरी नेऊन जेवू घातलं. पुढे कारखान्यात चिकटवलंही त्यानेच. मग काशीरामांनीही कित्येक नव्या पोरांना तसंच घरात झोपायला जागा दिली. केशरबाईंनी त्यांना भाकऱ्या थापून घातल्या. हात जोडणारा माणूस फसवील, हे त्यांच्या डोक्यात शिरायचं कसं?

रिक्षा थांबली ती खड्यांच्या दुकानापुढे. काचेआड निळे-लाल खडे चमकत होते.

"आई, हिऱ्यांच्या सुरतेच्या माणसाला खडे विकतायत!" धम्मरत्न हसला. विशाखालाही हसू आलं.

केशरबाईंनी विचारलं, "डबा कुठंय?"

बापलेकांनी मागे वळून बघितलं. डबा रिक्षात होता आणि रिक्षा दारातून गेली होती. दुकानदार गोड बोलत होता, तो येईल, तोवर काहीतरी बघा. विशाखाने दुसऱ्या मोबाइलवर नकाशा काढला. विहार पार मागे, नदीकडे राहिला होता.

"अहो, लाडू राहू द्या," केशरबाई म्हणाल्या. "दुसरी गाडी करा, वाटेत फळं घ्या आणि पळा."

"तुझ्या हातचे आहेत ते, केशर. राहुलचं तेच म्हणणं होतं."

"मी सांगते ना, राहू द्या!"

पण काशीराम दुकानाच्या दारातच उभे राहिले. धम्मरत्न त्यांची बाही ओढत होता. केशरबाईंनी मोबाइलच्या पडद्याला हात लावला, जणू त्याही बाही धरून ओढणार होत्या. बोटाखाली काचच लागली.

बऱ्याच वेळाने रिक्षावाला आला. यांनी काही घेतलं नाही, दुकानाकडून मिळायचं त्याचं कमिशन बुडालं, म्हणून त्याचं तोंड फिरलं होतं. डबा मांडीवर धरून त्याने मागितले तेवढे पैसे काशीरामांनी दिले. मग टॅक्सी, मग गाड्यांची ही रांग. विशाखा घड्याळाकडे बघायची नि नजर फिरवायची.

विहाराचं दार सताड उघडं होतं. बाहेर हार विकणाऱ्या बाईने खुणेनेच सांगितलं की ते सकाळपासून तसंच आहे.

आतल्या म्हाताऱ्या भन्तेंनी डबा बघितला, काशीरामांचा चेहरा बघितला. मग सूर्याकडे बोट करून हळूच मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं केशरबाईंना वाटलं. भेस्तानच्या घरात त्या हात जोडून बसल्या होत्या. ते सोडायचे कधी, हे त्यांना कळेना. शेवटी विशाखाने ते धरून खाली घेतले.

लाडू हारवालीच्या पोरांनी खाल्ले. त्याच रात्रीचं परतीचं विमान होतं.

काशीराम आता पांडेसऱ्यालाही रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवतात, आणि नव्या पोराला जागा देण्याआधी दोन ठिकाणी चौकशी करतात. धम्मरत्न सुरतेजवळच्याच इच्छापोरच्या कारखान्यात लागला. परदेशाचं नाव तो काढत नाही. विशाखाचं सासू-सासऱ्यांनीच पुढाकार घेऊन जळगावला लग्न लावून दिलं. तिचा फोन येत असतो. केशरबाईंनी पुढच्या वर्षी भेस्तानच्याच विहारात भोजनदान केलं, बाराच्या कितीतरी आधी. भन्ते म्हणाले, पुण्य उशिराही पोचतं. बाईंनी मान डोलावली. पण पहिल्या वर्षाचं ते पहिल्या वर्षाचंच होतं, असं त्यांना अजून वाटतं.